डोळे मिटून मारलेली धडक

“पैलवान, कडेला नको! मधे बसा, मधे! नाहीतर बेटाऐवजी सगळे तळाला जाऊ!”

बोटीवरचा म्हातारा खलाशी ओरडला तसे उतारू हसले. पैलवानही हसला. सगळ्यांची वाकून माफी मागत, अंग चोरत तो मधल्या बाकापाशी आला. एवढं थोरलं अंग, चोरून चोरणार तरी किती! आणि येऊन उभा राहिला तो नेमका चिगुसाच्या शेजारी.

“इथे... बसू का?”

चिगुसानं वर पाहिलं आणि ती पाहतच राहिली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तिनं आधी पाहिलं ते बाकावरच्या रिकाम्या जागांकडे. जागा भरपूर होत्या. मग हा इथेच का?

“बसा. बाक काही माझ्या बापाचा नाही.”

तो बसला. बाक कण्हला. समुद्रावरचा नोव्हेंबरचा वारा बोचरा होता, पण तो आता पलीकडेच अडला, आणि अलीकडे चिगुसापर्यंत पोचला फक्त त्याच्या अंबाड्याच्या तेलाचा वास... गोड, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या केकसारखा. सुमोच्या पैलवानाला दुरून ओळखायला डोळे लागत नाहीत, नाक पुरतं. सुती किमोनो, गळ्यात मफलर, आणि मफलरची मुभा काही पायऱ्या चढल्यावरच मिळते – म्हणजे अगदी नवशिका नव्हे. पण मागे पिशवी धरायला चेला नाही – म्हणजे वरच्या वर्गातलाही नव्हे. चिगुसाला हे सगळं न विचारता कळत होतं, कारण तिचा थोरला भाऊ इवाहागी हाही पैलवानच होता. तोक्योतल्या मिनासे तालमीचा. वर्षाची शेवटची स्पर्धा नोव्हेंबरात फुकुओकाला भरते, तेव्हा सगळ्या तालमी इथल्या देवळांत येऊन उतरतात, आणि तेवढाच काय तो भाऊ बहिणीला भेटतो.

“बेटावर काय काम?” तिनं विचारलं.

“फुलं बघायची आहेत.”

“फुलं?”

“कॉसमॉसची. संपत आली म्हणतात...”

“जेवण झालं की पैलवान झोपतात. झोपले नाहीत तर अंगी लागत नाही.”

“तुम्हाला बरंच माहीत आहे.”

“माझा भाऊ पैलवान आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

चिगुसा सावरून बसली. “कसं माहीत?”

“तुमच्या... नाकावरून.”

“काय?”

“इवाहागींचं नाक आणि तुमचं नाक एकाच साच्यातलं आहे. म्हणजे – त्यांचं दोनदा मोडलंय. तुमचं छान आहे.”

पलीकडच्या दोन आज्या तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. चिगुसालाही हसू येत होतं, पण तिनं ते आवंढ्याबरोबर गिळलं. आणि तेवढ्यात त्या शहाण्यानं पुढचं विचारलं.

“त्यांचा गुडघा... आता कसा आहे हो?”

झालं! चिगुसाच्या डोक्यात घंटा घणघणली.

तिचा स्वभाव आधीच चिकित्सक. मासेवाली ‘ताजा आहे’ म्हणाली की ही कल्ले उघडून बघणार. कुणी ‘छान दिसतेस’ म्हटलं की ही विचारणार, ‘काम काय आहे?’ त्यात गेल्या नोव्हेंबरात एका गोडबोल्या तरुणानं तिला गरम नूडल्स खाऊ घालत घालत भावाच्या गोष्टी काढून घेतल्या होत्या. चार दिवसांनी पेपरात छापून आलं, इवाहागीचा गुडघा कामातून गेलाय म्हणून. तो तरुण बातमीदार निघाला. त्यानंतर जो तो इवाहागीच्या पायांवरच चालून येऊ लागला, आणि वरच्या वर्गाच्या उंबरठ्यावर आलेला माणूस घसरत खाली गेला, तो आत्ता कुठे पुन्हा चढून आला होता. दुधानं तोंड पोळलेली चिगुसा तेव्हापासून ताकच काय, साधं पाणीही फुंकून पीत होती.

“फुलं डाव्या हाताला आहेत,” बोट धक्क्याला लागताच ती म्हणाली, “वाट चुकलात तर मला विचारायला येऊ नका.”

ती काम करत होती त्या बागेच्या उपाहारगृहात अर्ध्या तासात तो हजर झाला. वाट नाही विचारली. चहा मागितला.

*

त्याचं नाव कुरेनामी. ते आखाड्यातलं. आईबापांनी ठेवलेलं रेइजी. ओरिबे तालमीचा. हे सगळं चिगुसानं त्याच्याकडून नव्हे, खलाशाकडून काढलं. त्याच्या तोंडून आलेलं तिनं खरं मानलंच नसतं.

खालच्या वर्गातल्यांना रोज कुस्ती नसते, मधे मधे सुट्टी मिळते. सुट्टीच्या दुपारी कुरेनामी बोटीत दिसायचाच. फुलं कोमेजली, माळ्यानं वाफे उपटले, तरी याचं फुलं बघणं काही संपेना.

“आज काय बघणार? माती?” चिगुसानं टोचलं.

“मातीशी आमचं जुनं नातं आहे.”

“तालमीत कुणी ओरडत नाही?”

“वीसजण एका खोलीत घोरतात. एक घोरणं कमी झालेलं कुणाला कळत नाही.”

बोलायला लागला की तो असा सरळ बोलायचा, आणि चिगुसाचा जीव घटकाभर सैल पडायचा. पण मग बोलता बोलता तो भावाचं काढायचा – इवाहागी जेवतात ना नीट, सराव किती करतात – आणि तिचा जीव पुन्हा मुठीत जायचा. आवडत होता, हीच तर पंचाईत होती! न आवडणाऱ्या माणसाचा संशय घेणं सोपं. दार लावून घ्यायचं आणि झोपायचं. हा आवडत होता, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की त्याचं प्रत्येक वाक्य ती उलटसुलट करून बघत बसायची.

गंमत म्हणजे, तिकडेही काही वेगळं नव्हतं. एका दुपारी धक्क्यावर तिनं आपल्या डब्यातला वाफवलेला पाव त्याच्यापुढे केला. आत डुकराचं मांस, आलं, कांद्याची पात. कुरेनामीनं पाव हातात घेतला, दोन तुकडे केले, आत पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

“चार पायांचं आहे.”

“म्हणजे?”

“स्पर्धा चालू असताना चार पायांच्या जनावराचं मांस? कुस्ती सुरू झाली की हात जमिनीला टेकले तर पैलवान हरला. कोंबडी दोन पायांवर उभी असते, म्हणून आमच्याकडे कोंबडीच खातात. पैलवानाची बहीण असून तुम्हाला हे ठाऊक नाही?” त्यानं डोळे बारीक केले. “खरं सांगा... भावानं पाठवलंय?”

“अहो, आमचा दादा बैलसुद्धा खातो! तुमचीच तालीम पुराणातली, त्याला मी काय करू?”

“तसं नव्हे... आमची दोघांची या खेपेला गाठ पडायची शक्यता आहे. एकाच पायरीवर आहोत आम्ही.”

“म्हणून मी एका पावानं तुम्हाला पाडणार? द्या इकडे!”

तिनं पाव हिसकावला आणि त्याच्यासमोर उभ्यानं खाल्ला. तो बिचारा घासागणिक आवंढा गिळत होता. शेवटी उरलेला तुकडा पुढे करून तिनं नुसत्या नजरेनं विचारलं – हवाय? त्यानं डोळ्यांनीच ‘हो’ म्हटलं, आणि मानेनं ‘नाही’. दोघं इतकी हसली की बोटीचा भोंगा ऐकू आला नाही, आणि पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावरच्या पत्र्याखाली बसून राहावं लागलं.

पाऊस भुरभुरत होता. पत्र्यावर त्याचा आवाज होईल न होईल एवढाच. त्याचा मफलर कधी तिच्या खांद्यावर आला ते तिला कळलं नाही, म्हणजे कळलं, पण तिनं चौकशी केली नाही. तिच्या मानानं हे फारच झालं.

“तुला एक सांगू?” तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं दोघांनीही ऐकलं. “कुणाला सांगितलेलं नाही. वस्तादांनाही नाही.”

“काय?”

“धडक बसते ना, अगदी त्या क्षणी... माझे डोळे मिटतात.”

“म्हणजे?”

“मिटतात. आपोआप. पहिल्या दिवसापासून. कितीही ठरवलं तरी उघडे राहत नाहीत. समोरचा अंगावर आदळला की मग उघडतात. तोवर मी आंधळा. कुणाच्या ध्यानात आलेलं नाही अजून.”

तो पायांकडे बघत बोलत होता. कान लाल झाले होते. आणि चिगुसाला भरून आलं... आणि त्याच क्षणी डोक्यात ती जुनी घंटाही वाजली. आपलं एक गुपित देऊन दुसऱ्याचं काढायचं, हीच तर रीत असते! तो नूडल्सवालाही आधी स्वतःच्या आईच्या आजारपणाचं सांगून रडला होता.

बघूया, तिच्या मनानं घेतलं. एकदाचा सोक्षमोक्ष लावूया.

इवाहागीचा दुखरा गुडघा उजवा. पट्टी तो बांधायचा डाव्याला, लोकांना चकवायला. हे फक्त तालमीत आणि घरात ठाऊक. चिगुसानं नजर समुद्रावर ठेवली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “दादाचा डावा गुडघा काही बरा नाही. जरासा धक्का लागला तरी बसेल.”

आता हा डाव्या पायावर चालून गेला, तर चोर. नाही गेला, तर... पुढचा विचार करायचं धाडस तिला झालं नाही.

  बोट आली तेव्हा उठून कुरेनामीनं तिला हात दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

*

दोघांच्याही प्रत्येकी तीन कुस्त्या जिंकलेल्या, तीन हरलेल्या झाल्या, आणि व्हायचं तेच झालं. शेवटच्या दिवशी सातव्या कुस्तीला इवाहागीसमोर कुरेनामी, असं आदल्या दिवशी जाहीर झालं. वरच्या वर्गात एकच जागा रिकामी होणार होती. जिंकेल तो वर. वर म्हणजे पगार, स्वतःची खोली, तालमीबाहेर बिऱ्हाड, लग्नाची मुभा. खाली म्हणजे भांडी घासणं आणि वीसजणांचं घोरणं. कुरेनामीला निदान वय होतं. इवाहागीला तेही उरलं नव्हतं. हरला तर अंबाडा कापून घरी जायचं, हे त्यानं वस्तादांना सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी चिगुसा संत्री घेऊन मिनासे तालीम उतरली होती त्या देवळात गेली. भाऊ ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्यानं संत्र्यांकडे पाहिलंही नाही.

“बोटीवर कुणाशी हसत असतेस म्हणे?”

“कुणी सांगितलं?”

“फुकुओका काही एवढं मोठं नाही. ओरिबेचा कुरेनामी. खरं?”

“दादा...”

“गेल्या साली तो पेपरवाला. आता हा. तुला काही अक्कल आहे की नाही, चिगुसा? माझ्या पायाचं विचारलं असेल त्यानं!”

“विचारलं. मी डावा सांगितला.”

“म्हणजे बोललीस ना! तुझ्या तोंडाला टाळं म्हणून लागत नाही. कुणी दोन शब्द गोड बोललं की झाली ही पाघळायला–”

“मी नाही पाघळले!” चिगुसा उसळली. गेलं वर्षभर हेच ऐकत होती ती. “या खेपेला मी मूर्ख ठरलेले नाही. उलट मीच त्याच्याकडून काढून घेतलंय. धडक देताना तो डोळे मिटतो. ऐकलंस? त्याच्या वस्तादाला माहीत नाही ते मला माहीत आहे!”

बोलून झाल्यावर तिला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. अगदी क्षणभरच.

 इवाहागीनं एक संत्रं घेतलं आणि तो ते सावकाश सोलू लागला.

*

शेवटच्या दिवशी चिगुसानं रजा टाकली आणि सभागृहात अगदी वरच्या रांगेत जाऊन बसली. कुणी जिंकावं असं वाटतंय, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती रडली असती. नजर एकाच गोष्टीवर ठेवायची, तिनं ठरवलं होतं. तो डाव्या गुडघ्यावर जातो की नाही.

दोघं मातीच्या ओट्यावर चढले. समोरासमोर बसले. सुमोत ‘सुरू’ असं कुणी म्हणत नाही. दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखायचा आणि एका दमात उठायचं. एकदा दोघंही थबकले.  मग चारही हात मातीला टेकले, आणि कुरेनामी सुटला.

सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, पायांकडे तर नाहीच. सरळ छातीच्या मधोमध, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ घेऊन.

आणि तिथे छाती नव्हती. इवाहागीनं एक पाऊल बाजूला टाकून बगल दिली होती. कुरेनामी हवेला धडक मारून ओट्यावरून जो गेला, तो थेट पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीवर. एका श्वासाची कुस्ती.

प्रेक्षकांतून टाळ्या नाहीत, एक लांबलचक ‘अरेरे’ उठला. बगल देणं नियमात बसतं. लोकांच्या मनात बसत नाही. पंचानं इवाहागीच्या बाजूनं कौल दिला. तो मान खाली घालून उभा होता. आणि कुरेनामी आजोबांची माफी मागून उठला, तेव्हा त्यानं इवाहागीकडे पाहिलं नाही. त्यानं मान वर करून प्रेक्षकांत कुणालातरी शोधलं.

चिगुसा तोंडावर हात दाबून बसली होती. चोर पकडायला निघालेली बाई... चोर सापडला होता. घरातच सापडला होता.

*

ओरिबे तालीम नदीकाठच्या देवळात उतरली होती. चिगुसा सायकल मारत तिथे पोचली तेव्हा अंगणात पैलवान भिंतीसारखे ओळीनं उभे होते आणि मधे वाळूवर कुरेनामी गुडघे टेकून बसला होता. कोपर सोललेलं. ओसरीवर त्यांचे वस्ताद, पिकल्या भुवयांचे, हाताची घडी घालून.

“बंदरावर मी स्वतः पाहिलंय, वस्ताद,” एक जुना पैलवान सांगत होता, “एका मफलरात दोघं. इवाहागीची सख्खी बहीण.”

“नूरा खेळलास? ठरवून पडलास?” वस्तादांनी विचारलं.

“नाही, वस्ताद.”

“हातमिळवणी केलीस? पोरीच्या नादानं भावाला जागा दिलीस?”

“नाही, वस्ताद.”

“मग तो बाजूला होताना तुला दिसला नाही? पहिल्या वर्षाच्या पोरानं पाय रोवून थांबवलं असतं स्वतःला. आंधळा आहेस?”

कुरेनामी गप्प. त्यानं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण ते बोललं की पुढचा प्रश्न आला असता, हे इवाहागीला कुणी सांगितलं? आणि तो गप्प का आहे ते अंगणात एकट्या चिगुसाला कळलं.

“बोल! नाहीतर आत्ता अंबाडा कापतो आणि गावी धाडतो.”

“तो आंधळाच आहे!” चिगुसा फाटकातून ओरडली.

सगळी भिंत एकदम वळली. आता माघारी फिरण्यात अर्थ नव्हता. चिगुसा वाळूवर येऊन त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

“मी चिगुसा. इवाहागीची बहीण. धडक देताना याचे डोळे मिटतात. यानं विश्वासानं मला सांगितलं, आणि मी... मी दादाला सांगितलं. म्हणून दादानं बगल दिली. याला काही माहीत नव्हतं. नूरा खेळणारा माणूस असा जिवावर उदार होऊन उडी घेईल का हो? दोष माझा आहे.”

 वस्ताद सावकाश पुढे झुकले.

“डोळे मिटतोस?”

“...हो, वस्ताद.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“गाढवा!” वस्तादांची चप्पल कुरेनामीच्या कानावरून गेली. “आणि मी इतकी वर्षं तुझ्या पायांना दोष देतोय! तुझे पाय सरळ करायला मी देव पाण्यात घातले! डोळे? अरे, डोळ्यांवर इलाज आहे!”

भिंतीतून कुणीतरी फिसकलं, आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं. चुगली करणारा पैलवानही. वस्ताद मात्र चिगुसाकडे बघत होते.

“पोरी, तू हे चारचौघांत बोललीस. उद्या तुझ्या भावाच्या नावाला बट्टा लागेल. ध्यानात आलंय का?”

“आलंय.”

“तरी आलीस?”

“हो.”

“हं.” ते उठले. “रेइजी, हिला चहा दे. आणि बाकीच्यांनी इथे काय बघताय? भांडी तुमची आजी घासणार आहे?”

*

चहा दोघांच्याही हातात निवून गेला. अंगणात आता फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

“गुडघा डावा नव्हता,” कुरेनामी म्हणाला. “उजवा होता.”

“तुला... ठाऊक होतं?”

“ओट्यावर चढताना ते डावा पाय आधी टाकतात. दुखऱ्या पायावर कुणी भार देत नाही. मला पहिल्या दिवशीच दिसलं.”

“मग विचारलंस कशाला?”

“बरा झाला असं तू म्हणावंस म्हणून. मला त्यांना मनापासून धडक मारायची होती, चिगुसा. मनात किंतू ठेवून मारली असती, तर तीही एक नूराच.”

“आणि मी डावा म्हटलं...”

“तेव्हा कळलं. ही माझी परीक्षा बघतेय. आणि मी तर आधीच माझे डोळे तुझ्या पदरात टाकून बसलेलो! त्या रात्री झोप लागली नाही. वाटलं, हिला भावानंच पेरलंय.”

“तसंच निघालं की,” चिगुसा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. “मी तुझ्यावर संशय घेत राहिले आणि दगा मीच दिला. नुसतं मूर्ख ठरायचं नव्हतं म्हणून. रेइजी, माझं प्रेम आहे तुझ्यावर, आणि मी तुझी कुस्ती घालवली.”



“पुन्हा सांग.”

“काय?”

“पहिलं. दुसरं मला माहीत आहे.”

तिनं सांगितलं. रडता रडता सांगितलं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं आणखी एकदा सांगायला लावलं. मग त्यानं चहाचे पेले उचलून ओसरीवर ठेवले आणि म्हणाला, “चल.”

“कुठे?”

“तुझ्या भावाकडे. अभिनंदन करायला.”

“कशाला?” चिगुसाचे डोळे पुसता पुसता बारीक झाले. “काय आहे तुझ्या मनात?”

“बघ! पुन्हा!”

मिनासे तालमीत आनंदीआनंद चालला होता. कढईवर कढई उतरत होती. ज्याच्यासाठी हे सगळं, तो मात्र मागच्या ओसरीवर उजवा गुडघा गरम फडक्यात गुंडाळून एकटाच बसला होता. दोघांना एकत्र येताना पाहून तो उठायला गेला, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही.

कुरेनामी कमरेत वाकला. “अभिनंदन, इवाहागीदादा.”

“टोमणा मारायला आलास?”

“तुमच्या घरात सगळेच असे आहेत का हो?”

“दादा,” चिगुसा म्हणाली, “मी ओरिबे वस्तादांना सगळं सांगून आले. चारचौघांत. हा नूरा खेळला असं म्हणत होते ते.”

इवाहागीनं बहिणीकडे पाहिलं. ओरडेल असं तिला वाटलं. तो ओरडला नाही.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “समोरासमोर मी याला थोपवू शकलो नसतो. हरलो असतो तर उद्या घरी असतो. मला लाज वाटतेय. आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, तेही सांगून ठेवतो.”

“मीही सरळच येईन,” कुरेनामी म्हणाला. “पण डोळे उघडे ठेवून.”

इवाहागी पहिल्यांदा किंचित हसला. “बस. जेवून जा.”

“आधी एक बोलायचं होतं. आज मागत नाही, मागायचा हक्क नाही मला. पण वरच्या वर्गात आलो की चिगुसाला मागायला येईन. तेवढं सांगून ठेवतोय.”

“हिला?” इवाहागीनं डोक्यावर हात मारला. “अरे बाबा, विचार कर. ही रोज संशय घेईल तुझ्यावर. उशिरा आलास तर विचारील कुठे होतास. लवकर आलास तर विचारील का आलास. गोड बोललास, तर मेलासच!”

“घेऊ दे,” कुरेनामी म्हणाला. “माझ्याकडे इतकं लक्ष देऊन अजून कुणी पाहिलेलं नाही.”

चिगुसानं सवयीनं ते वाक्य मनात उलटून पाहिलं, पालटून पाहिलं. त्याच्या खाली दुसरं काहीच नव्हतं.

“मी थांबेन,” ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.